पाव इंच सैल

दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी अंघोळ करून देवापुढे उभा राहिलो, हात जोडले, तर उजवा अंगठा आत वळलेलाच राहिला. तळव्यांच्या मधे खडूची वडी बसेल एवढी फट. डाव्या हाताने धरून तो हळूच उघडला. टक् आवाज झाला, डोळ्यांपुढे चमकलं आणि अंगठा सरळ झाला. मग जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने प्रार्थना पुरी केली. देवाने पाहिलं असणार. घरात कोणी पाहिलं नाही.

हे पहिल्यांदा झालेलं नाही, दीड महिना होत आला. सकाळी जास्त असतं, दुपारपर्यंत हात चालला की कमी होतं. सदऱ्याचं बटण लावताना हिने एकदा पाहिलं, तेव्हा झोपेत अंगाखाली आला असेल असं सांगून वेळ मारून नेली. गेल्या रविवारी शेजारच्या गावात हाडांच्या डॉक्टरांकडे गुपचूप जाऊन आलो. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तसा मी खुर्चीतून उठलोच. ते म्हणाले, अंगठा ओढणारी नस जिथून सरकते ती वाट अरुंद झाली आहे आणि नसेला बारीक गाठ आली आहे. गाठ तोंडाशी अडते, जोर लावला की सुटते. बंदुकीच्या घोड्यासारखं, म्हणून याला ट्रिगर थंब म्हणतात. काम काय करता असं त्यांनी विचारलं. मी सांगायच्या आत त्यांना अंगठ्यावरचा कातरीच्या कडीचा घट्टा दिसला, आणि ते नुसतेच हं म्हणाले.

उपाय असा, की सहा आठवडे स्प्लिंट घालायची. म्हणजे अंगठा वाकू न देणारा पट्टा, आत पट्टी असलेला. दिवसा आणि रात्रीही. तोवर कातर बंद. त्याने नाही भागलं तर इंजेक्शन, त्यानेही नाही तर छोटं ऑपरेशन. मी सगळ्याला मान डोलावली.

पण ताई, पट्टा घातला की अंगठा कातरीच्या कडीत जाणार नाही. आणि कातर न चालवणारा कटर म्हणजे काय, हे शिंप्याच्या मुलीला मी सांगायला नको. गेल्या वर्षी आमच्या कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याचा खांदा धरला. मालकीणबाईंनी त्याला फार मायेने महिनाभर विश्रांती घ्यायला सांगितलं. महिन्याने तो आला तेव्हा त्याच्या टेबलापाशी दुसराच उभा होता. आता बाईंच्या खणात कापायच्या मशीनचं माहितीपत्रक आहे, त्याचे कोपरे हाताळून मऊ झालेत. म्हणून मी ठरवलंय, पट्टा रात्री घालायचा आणि दिवसा तोंड बंद ठेवायचं.

भीती वाटते ती खडूकाकांची. तुला ते माहीत आहेत, मला हाताला धरून शिकवलं ते. ते कापडावर खडूने रेघ काढतात, मी त्या रेघेवरून कापतो. एकवीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे आहोत. त्यांच्यापासून आजवर काही लपवलेलं नाही, त्यामुळे लपवायची सवय नाही.

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून एक पट्टा घेऊन पाठव. इथे एकच दुकान आणि त्याचा मालक आमचं गिऱ्हाईक, त्याच्या पोटात काही राहत नाही. अंगठ्याचं माप सांध्यावर तीन इंच. रंग शक्यतो कातडीसारखा बघ.

दाजींना नमस्कार. तुझी माया आजवर मागावी लागली नाही, पुढेही लागू नये.

तुझा
धाकला

---

दि. ६ मार्च

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी चिडले, मग दुकानात गेले. दीड महिना अंगठा टक् टक् वाजतोय आणि हा बायकोला सांगतो अंगाखाली आला. लहानपणी गुडघा फुटला तरी विजार फाटली म्हणून रडणारा तूच तो.

दुकानात एक चुणचुणीत मुलगी होती. तिने माझ्यापुढे तीन तऱ्हा मांडल्या. एक नुसती प्लास्टिकची कडी, अंगठ्याच्या वरच्या पेरावर अडकवायची. दिसायला नाजूक, पण ती म्हणाली कामाचा माणूस असेल तर दोन दिवसांत हरवून येतो. दुसरी गरम पाण्यात मऊ करून हातावरच घडवायची, त्याला तू समोर बसायला हवास. तिसरा पट्टा मनगटाला बांधायचा, आत धातूची पट्टी. तो अंगठ्याचं मूळ धरून ठेवतो आणि शेंड्याला जरा मोकळीक देतो. तोच घेतला. कातडीच्या रंगाचाही होता, पण तो आठवड्यात मळून लाज आणतो म्हणून काळा घेतला. चोरी लपवायला रंग शोधणाऱ्याला मी मदत करणार नाही.

घरी येऊन मी स्वतः घालून बघितला. दाजींनी वाण्याच्या सामानाची यादी लिहायला लावली. अक्षर असं आलं की कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं. वाण्याने साबूदाण्याच्या जागी साबण दिला. दाजी तेव्हापासून मला डॉक्टर म्हणतात, आणि तुला निरोप आहे की मेहुण्याचा अंगठा अडला म्हणून आमची खिचडी साबणाची करू नये.

एक मात्र नीट ऐक. डॉक्टरांनी दिवसा आणि रात्री सांगितलंय. दिवस वगळायचा हे कोणी सांगितलं? तुझ्या हातात ब्लाउज शिवायची सुई नाही. एक फूट लांबीचं पातं आहे.

घरच्या लक्ष्मीला माझे आशीर्वाद सांग, आणि अंगठ्याचंही सांग. इकडची काळजी नको, तिकडची लागली आहे.

तुझी
ताई

---

दि. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल शनिवारी मिळालं. हिलाही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही डाव्या हाताने चहा प्यायला लागलात तेव्हापासून मला माहीत आहे, तुम्ही कधी सांगता ते बघत होते.

पट्टा चांगला आहे पण सैल होतो. मनगटाशी कितीही आवळला तरी आतल्या आत अंगठा खुशाल वाकतो, रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या माणसासारखा. दोन रात्री घालून झोपलो आणि दोन्ही सकाळी अडकलेलाच सापडला. मग टेप घेऊन पुन्हा मोजलं तेव्हा लक्षात आलं. अंगठा पावणेतीन इंच आहे. मी तुला तीन लिहिले. बाबांनी शिकवलं तसं, माणसाला श्वास घ्यायला पाव इंच सोडून. ठरवून नाही गं, अंगाचं माप लिहायला घेतलं की हात आपोआप तेवढं सोडतोच. आणि मला दाट संशय आहे की तूही दुकानात पाव इंच सोडून सांगितलंस. खरं सांग. तसं असेल तर बाबा दोघांवरही खूश होतील आणि अंगठा मात्र असाच राहील. सोबत पट्टा परत पाठवतो आहे. माप पावणेतीन. यात काही सोडू नकोस.

कारखान्यात सोमवारी जरा वाईट झालं. वकिलांच्या काळ्या कोटांचं काम चालू आहे. चार थर एकावर एक घातले होते, खडूकाकांनी रेघा काढल्या होत्या. पुढच्या भागाच्या मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईला, काप दोन बोटं आत गेला. चारही पुढचे भाग वाया. त्या ठाणातलं कापड संपलेलं, रंग पुन्हा तसाच मिळत नाही. बाई आल्या, तुकडा उचलून उजेडात धरला आणि खडूकाकांना विचारलं, की काका, हल्ली नीट दिसतं ना तुम्हाला. खडूकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. बहुतेक दिसत नसावं, असं म्हणाले. त्यांचं वय बासष्ट आहे. बाईंनी तो वाया गेलेला तुकडा टेबलाजवळच्या खिळ्याला लावून ठेवलाय, सगळ्यांना आठवण राहावी म्हणून.

बाकी ठीक. हवा तापायला लागली आहे. दाजींची खिचडी पूर्ववत झाली असेल अशी आशा आहे. राग धरू नकोस, धरलाच तर पत्रातून कळव.

तुझा
धाकला

---

दि. १७ मार्च

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

हो, सव्वातीन सांगितलं. त्या मुलीने विचारलंही, की बाई, माणूस एवढा दांडगा आहे का. मी म्हटलं, अंगाला काचू नये. शिंप्याच्या घरात दोन मुलं वाढली आणि दोघांनी मिळून एका अंगठ्याला सदरा शिवला. दाजी हसून हसून खोकले. नवा पट्टा पाठवते आहे, पावणेतीनचा, उघड्या अंगाचं माप. मुलीने ताकीद दिली आहे की घट्ट बसला पाहिजे, पण नख पांढरं पडलं किंवा मुंग्या आल्या तर बंद सैल करायचा.

आता पुढचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अंगठ्याचं सगळं स्वच्छ लिहिलं आहेस. कारखान्याचं लिहिताना मात्र काप आत गेला म्हणतोस. काप आपण होऊन जात नाही, धाकल्या. कातर कोणाच्या हातात होती?

दुसरं, तुझं अक्षर. शाळेत मास्तर फळ्याजवळ नेऊन दाखवायचे तसं, मोत्यासारखं. मी पट्टा घालून लिहिलेलं अक्षर अजून वाण्याच्या दुकानात हसण्याचा विषय आहे. म्हणजे सैल असो की घट्ट, दिवसा तो तुझ्या हातात नसतो. सोमवारीही नव्हता.

मी तिथे नव्हते, मला काही ठाऊक नाही. तू मला लिही. खडूकाकांनी तुझ्या हातात पहिल्यांदा कातर दिली तेव्हा बाबांना किती बरं वाटलं होतं ते तू विसरला नसशील. त्या माणसाने चष्मा पुसला हे वाचून मला जेवण गेलं नाही.

वाट बघते आहे. टपालाला तीन दिवस लागतात, तू चौथा लावू नकोस.

तुझी
ताई

---

दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला कळणारच होतं. बहुधा म्हणूनच तसं लिहिलं.

रेघ बरोबर होती. मी गोलाईवर आलो, कातर मिटली आणि अंगठा आतच अडकला. पातं उघडेना. समोर खडूकाका दुसऱ्या कापडावर वाकले होते. मला वाटलं ते वर बघायच्या आत सोडवावं. डाव्या हाताने कडी मागे रेटली, टक् झालं आणि पातं सुटून आत धावलं. चार थरांतून सरळ. फार तर दोन सेकंद. मग बाई आल्या. त्यांचा प्रश्न आणि काकांचं उत्तर यांच्यामधे मला बोलायला जागा होती. ती मी जाऊ दिली. एकदा जाऊ दिली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट जड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून जड. काल दहावा दिवस होता.

खडूकाका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर आहे तोच आहे, मोतीबिंदूची नुसती सुरुवात, कामाला काही अडचण नाही. काकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मला म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर बरं वाटेल असंच बोलतात. आता ते टेबलावर दोन दिवे ओढून घेतात. एक रेघ काढायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लावतात. तीस वर्षं गोलाई नुसत्या मनगटाने काढणारा माणूस पुठ्ठ्याचा साचा लावतो. आणि प्रत्येक रेघ झाली की मला हाक मारतात, की कातरवाल्या, बघ रे बाबा, बरोबर आहे ना. मी वाकून बघतो आणि बरोबर आहे म्हणतो. ते म्हणतात, तू आहेस म्हणून बरं. दिवसातून वीस वेळा. ताई, मार परवडला.

काल त्यांनी बाईंना सांगितलं की महिनाअखेरीला थांबतो. शेवटचा दिवस शनिवार, तीस तारीख. बाईंनी आग्रह केला नाही. त्या मशीनचा माणूस काल येऊन टेबलाची लांबी मोजून गेला. काकांच्या घरी कोणी नाही हे तुला माहीत आहे. दिवसभर हे टेबल आणि संध्याकाळी वाचनालय. डोळे गेले अशी खात्री झाल्यापासून ते वाचनालयातही जात नाहीत.

नवा पट्टा नेमका बसतो. रात्री घालतो. आज सकाळी पहिल्यांदाच अंगठा अडकला नाही, नुसता ठणकतो. दिवसा घालत नाही, हे तुझं बरोबर आहे. कातर चालूच आहे. आता उघडताना प्रत्येक वेळी डावा हात जवळ ठेवतो. इस्त्रीवाल्याचा रिकामा झालेला कोपरा माझ्या बरोबर समोर आहे. मान वर केली की तोच दिसतो.

देवापुढे उभा राहतो तेव्हा काही बोलत नाही. त्याला सगळं माहीत आहे, त्याला सांगून हलकं होण्यात सोय तेवढी माझी. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं आहे, आणि तेच होत नाही.

सोबत एक चिंधी पाठवतो आहे. त्या दिवशी टेबलाखाली पडली होती, ती मी उचलून खिशात घातली. खडूची रेघ तिच्यावर आख्खी आहे. मुंढ्याची गोलाई बघ, कशी सुरेख काढलेली आहे. आणि काप त्या रेघेला सोडून कसा पळालाय तेही दिसेल. खिशात ठेवली की सारखी हाताला लागते, टाकून देववत नाही. म्हणून तुझ्याकडे असू दे. पाहिजे तर तूच टाक.

याहून जास्त लिहवत नाही. माझ्याबद्दल काय वाटतं ते लिही, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा
धाकला

---

दि. २५ मार्च

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

चिंधी परत पाठवते आहे. खडू पुसू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घातली आहे. ती माझी नाही. माझ्या कपाटात ठेवून ती नाहीशी होणार नाही, आणि मी टाकणार तर अजिबात नाही.

खूप लिहायचं होतं, ते फाडलं. एकच गोष्ट सांगते, ती तुला माहीत आहे, पण आपण कधी बोललो नाही. तू सात वर्षांचा होतास. बाबांच्या गिऱ्हाइकाची नवी कॉलर इस्त्रीखाली मी जाळली. बाबांनी विचारलं कोणी, आणि मी काही बोलायच्या आत तू पुढे होऊन मी म्हणालास. तुला तिथेच पट्टीने मार बसला. मी दारात उभी राहून बघत होते. तू मला एकदाही बोलून दाखवलं नाहीस, मीही विषय काढला नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पायाशी बसून मला तीच कॉलर आठवत होती. सांगायला माणूस राहिला नव्हता. एवढंच. तुझ्यापाशी तीस तारखेपर्यंत माणूस आहे.

बाबांनी सैल सोडायला शिकवलं ते कापडात. अंगठ्याला आपण सोडून बघितलं, काय झालं ते पाहिलंस. आता इथे पाव इंचही सोडू नकोस. जरा बोललो, थोडं सुचवलं, नंतर सावकाश सांगेन, हे सगळं मापात सोडलेलं आहे.

बाई काय करतील मला सांगता येत नाही. तुला काढतीलही. खोटा धीर देत नाही. काढलं तर दोघं इकडे या, माझ्या शिलाई मशीनशेजारी दुसरं मशीन बसेल एवढी जागा आहे. दाजींनी आत्ताच खुर्ची सरकवून मोजून दाखवली. पाव इंचही सोडला नाही, म्हणतात.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. मधे एकच दिवस राहतो. मी तुझ्यावर रागावलेली नाही, हे वेगळं लिहायला लागू नये, तरी लिहिते.

तुझी
ताई

---

दि. ३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून तुला आधीच कळलं असेल. लागेल तसं वाच.

पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी चिंधी खिशात घालून गेलो आणि तशीच घेऊन परत आलो. दिवसभरात तीन वेळा तोंड उघडलं. एकदा पाणी मागितलं, दोनदा रेघ बरोबर आहे म्हटलं. संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. आज सकाळी मी सदरा चढवून दारात उभा राहिलो तेव्हा ती पट्टा घेऊन आली, माझा हात पुढे ओढला आणि स्वतः बांधला. नख पांढरं पडत नाही ना, ते दाबून बघितलं.

तसाच रस्त्याने गेलो. पोटात काही न राहणाऱ्या त्या दुकानदाराने काउंटरवरून वाकून विचारलं, अंगठ्याला काय झालं. ट्रिगर थंब, दोन महिने होऊन गेले, असं चालता चालता सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळावं अशी व्यवस्था त्याने केली असेलच, पण आज मी त्याच्या आधी पोचलो.

खडूकाका माझ्याही आधी आले होते. खडूची पेटी पुसून, वड्या रंगाप्रमाणे लावून टेबलावर बाईंसमोर ठेवली होती, हवाली करायला. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, पण विचारलं नाही. मी खिळ्यावरचा तो वाया गेलेला तुकडा काढला, टेबलावर पसरला आणि त्याच्या कापलेल्या कडेला चिंधी लावली. दिवा ओढून वर आणला. धागा धाग्याला जुळला. पांढरी रेघ गोलाईने नीट चालली होती आणि काप तिला सोडून आत गेला होता. मी म्हणालो, रेघ बरोबर होती, माझा अंगठा अडकला होता, मी रेटला आणि गप्प बसलो. पुढे काहीतरी जोडावंसं वाटत होतं, घर, वय, इस्त्रीवाला. जोडलं नाही.

बाईंनी विचारलं कधीपासून. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्यानंतरही तुम्हीच कापत होतात का. हो म्हणालो. त्यांनी त्या दिवसापासूनचे सगळे काप बाहेर काढायला लावले आणि स्वतः टेप घेऊन एकेक मोजला. दोन तास लागले. दोन भागांत दोऱ्याएवढा फरक निघाला, चालण्यासारखा, पण निघाला. शेवटी त्यांनी माझी कातर खुंटीवरून काढून कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली आणि म्हणाल्या, सहा आठवडे हिला हात लावायचा नाही, तुमचं काय करायचं ते सोमवारी सांगते. रागावल्या की नाही ते मला समजलं नाही.

खडूकाका चिंधी घेऊन खिडकीपाशी गेले होते. बराच वेळ पाठमोरे उभे होते. चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, की त्या डोळ्यांच्या डॉक्टरला मी खोटारडा म्हणालो. आणि मग, तू मला वीस वीस वेळा बरोबर आहे म्हणायचास तेव्हा माझ्याकडे बघत का नव्हतास ते आज कळलं. मी माफी मागितली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. कदाचित पुढेही बोलणार नाहीत. त्याला माझी हरकत असू शकत नाही.

पण बाई आत गेल्यावर त्यांनी टेबलावरची पेटी उचलली आणि आपल्या बाजूला नेऊन ठेवली. जास्तीचा दिवा परत त्याच्या जागी नेऊन ठेवला. पुठ्ठ्याचा साचा भिंतीला टेकवला. नवं कापड पसरून त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि मुंढ्याची गोलाई एका दमात, नुसत्या मनगटाने काढली. कोणाला बघायला बोलावलं नाही.

मी समोर उभा होतो, पट्टा बांधलेला हात टेबलावर ठेवून.

दाजींना सांग, खुर्ची तूर्त सरकवलेलीच असू दे. तुझ्या पायांना डोकं टेकतो. आहे तशी माया ठेव, एवढंच मागणं.

तुझा
धाकला